कॅरॅव्हॅनचं सिंक आणि शॉवर तुंबतंय? आधी नळीचं पोट काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने १९९० च्या दशकातली, चार जणांची ब्रिटिश कॅरॅव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, वापरलेली घेतली आहे. सिंकचं पाणी रेंगाळत उतरतं आणि ते उतरताना वॉशबेसिनमधून गुडगुड ऐकू येते. अंघोळ संपेपर्यंत शॉवरच्या ट्रेमध्ये पावलं बुडतात. भांडी घासली की त्याच ट्रेमध्ये खरकटं पाणी वर येतं. गाडी दोन दिवस बंद राहिली की आत मोरीचा वास. फरशीखाली वळ्या-वळ्यांची राखाडी नळी आहे आणि सिंक, बेसिन, शॉवर या तिन्हींच्या नळ्या खाली जुळून एकाच तोंडातून बाहेर पडतात. ड्रेन क्लीनर ओतून झाला, सोडा-व्हिनेगर झालं, फरक शून्य. आता विचारताहेत की मोठी नळी टाकावी का.

टाका, पण ते दुसऱ्या क्रमांकाचं काम आहे. पहिलं काम ढाळाचं.

औषधं ओतून उपयोग झाला नाही यात नवल नाही, कारण या वर्णनात कचरा अडकल्याचं लक्षणच नाही. कचऱ्याने तुंबलेली नळी हळूहळू बिघडत जाते आणि बहुधा एकाच ठिकाणी त्रास देते. इथे तिन्ही ठिकाणं एकमेकांच्या पायात पाय घालताहेत. म्हणजे दोष जोडणीत आणि नळीच्या मांडणीत आहे. जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये लवचीक नळी फरशीखालून मीटर-मीटरवर एखाद्या क्लिपने टांगलेली असते. उन्हाने आणि गरम पाण्याने ती मऊ पडते, दोन क्लिपांच्या मध्ये तिला पोट सुटतं आणि प्रत्येक पोटात पाणी साचून राहतं. बाहेरून बघताना दोन इंचांचं पोट किरकोळ वाटतं. शॉवरला तेवढंच पुरतं.

का पुरतं, ते नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा खटाटोप त्यावरच आहे. नळीत एकच पोट असेल तर त्यात पाणी भरतं आणि मागून आलेलं पाणी त्याला पुढे ढकलतं, काही अडत नाही. पण ओळीने तीन पोटं असली की प्रत्येकाच्या मध्ये हवेचा एक कप्पा अडकतो. आता ट्रेमधल्या पाण्याला पहिल्या पोटातलं पाणी वर चढवायचं असतं, तिथला दाब हवेतून दुसऱ्यावर आणि मग तिसऱ्यावर जातो. तिन्ही चढ बेरजेने मोजावे लागतात. प्रत्येक पोट ४० मिमी खोल धरलं तर लागणारी उंची झाली १२० मिमी. ट्रेच्या जाळीपासून फरशीखालच्या नळीपर्यंत उंची मिळते जेमतेम ६० ते ७० मिमी. उरलेला फरक भरून काढायला ट्रेमध्येच पाणी चढतं, आणि म्हणून पावलं बुडतात. मग हवा बुडबुड्यांनी थोडी थोडी निसटते तसं पाणी उतरत राहतं.

सिंकचं तसं नाही. ते फरशीपासून ८०-९० सेंमी वर असतं, त्याच्याकडे दाब भरपूर. म्हणून सिंक रडत-खडत का होईना रिकामं होतं. मात्र ते पाणी खाली उतरताना समोरची हवा ढकलतं आणि ती हवा जवळच्या उघड्या भोकातून, म्हणजे बेसिनमधून, गुडगुडत वर येते. हवेच्या मागोमाग पाणीही सर्वांत खालच्या भोकाकडे धाव घेतं, आणि ते भोक शॉवर ट्रेचं. तेव्हा खरकटं पाणी ट्रेमध्ये येणं ही वेगळी तक्रार नाही, त्याच दुखण्याचं दुसरं टोक आहे.

आता नळीच्या व्यासाकडे. कॅरॅव्हॅनच्या शॉवरमधून मिनिटाला साधारण ५ लिटर पाणी येतं. बादली धरून एक मिनिट मोजलंत तर स्वतःचा आकडा कळेल. जुनी नळी आतून १९ मिमीची, म्हणजे पाऊण इंची असते. मीटरला २० मिमी ढाळ दिला तर गुळगुळीत १९ मिमी पाइप, हिशेबाने, मिनिटाला सुमारे ७ लिटर पाणी वाहून नेतो. पण वळ्यांच्या नळीत घर्षण खूपच जास्त, म्हणून तीच नळी निम्म्यावर, साडेतीन लिटरवर येते. येणार ५, जाणार साडेतीन. पोट नसलं तरी ट्रे भरणारच. आतून २५ मिमीचा गुळगुळीत पाइप त्याच ढाळावर मिनिटाला १४ लिटर नेतो, वळ्यांचा असेल तर ७. यातून दोन गोष्टी निघतात. मोठा व्यास हवा हे खरंच, पण गुळगुळीत पाइपाने तेवढाच फायदा होतो, आणि दोन्ही केलं तर पुन्हा कधी या कामाकडे बघावं लागत नाही.

खोलायला घेण्याआधी अर्धा तास तपासणीला द्या. गाडी स्पिरिट लेव्हलने सरळ करा, बाहेरच्या तोंडाला लावलेली नळी आणि टाकी बाजूला काढा, तोंडाखाली बादली ठेवा. सिंकला बूच लावून मोजून ५ लिटर पाणी भरा, बूच काढा आणि घड्याळ बघा. मग बेसिन, मग शॉवर. आकडे लिहून ठेवा, काम झाल्यावर ताडून बघता येतील. त्यानंतर गाडीखाली बॅटरी घेऊन जा. जिथे पोट दिसेल तिथे नळी तळहाताने हळूच वर उचला. बाहेरच्या तोंडातून भसकन करडं, तेलकट पाणी बादलीत पडलं तर निदान पक्कं. एका पोटातून चहाचा कप भरेल इतकं पाणी निघणं काही विशेष नाही, आणि बंद गाडीतला वास याच साठलेल्या पाण्याचा.

आणखी एक चाचणी सिंकची. सिंकखालची नळी जोडातून सोडवा आणि तिच्यात नरसाळ्याने पाणी ओता. नळीत पाणी सरसर गेलं, पण सिंकमधून जात नव्हतं, तर दोष सिंकच्या तोटीचा, म्हणजे तळाच्या भोकात बसवलेल्या, पाणी खाली सोडणाऱ्या भागाचा. जुन्या कॅरॅव्हॅनच्या सिंकला खाली जी प्लास्टिकची तोटी असते तिचं भोक पुष्कळदा नळीपेक्षाही बारीक असतं, वर जाळीच्या जाड काड्या, आणि तोटीच्या लगेच खाली काटकोनात वळलेला एल्बो. तिथेच पाणी आणि वर येणारी हवा एकमेकांना अडवतात. अशा वेळी खालचं सगळं बदलूनही सिंक हळूच राहतं आणि माणूस हैराण होतो.

गाडीखाली जाण्याविषयी एवढंच सांगतो की नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नका. हँडब्रेक, दोन्ही बाजूंच्या चाकांना ठोकळे आणि निर्मात्याने सांगितलेल्या जागी आधाराचे स्टँड. कोपऱ्यांतले पाय गाडी स्थिर ठेवायला असतात, उचलायला नाहीत.

नवी मांडणी

यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय म्हणजे शॉवरचा मार्ग स्वतंत्र करायचा. सिंक आणि बेसिन एकत्र चालतील, पण शॉवर त्यांच्यात कधीही मिसळायचा नाही, अगदी शेवटच्या अर्ध्या मीटरलाही नाही. शॉवरचं स्वतंत्र तोंड गाडीच्या कडेला काढा आणि दोन्ही तोंडांच्या नळ्या बाहेर, टाकीपाशी वाय जोडाने एकत्र आणा. तिथे पाणी मागे फिरायला उंचीच नसते. बाकी काहीही न करता एवढं केलंत तरी ट्रेमधलं खरकटं थांबेल.

दुसरं, शॉवरचा पाइप जितका तोकडा तितका चांगला. मूळ कारखान्याने तो फिरवून सिंकच्या बाजूला नेलेला असतो, कारण सगळी तोंडं एका जागी दिसायला बरी दिसतात. ट्रेच्या भोकापासून जवळची कड कोणती ते बघा. कॅरॅव्हॅनची रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास, म्हणजे भोक मधोमध असलं तरी कडेपर्यंत मीटरभर पाइप. मीटरभराला २० मिमी ढाळ सहज बसतो. तोच पाइप तीन मीटर फिरवला तर ६० मिमी उतार द्यावा लागतो, आणि तो देताना पाइप चेसिसच्या आडव्या कण्यांना भिडतो.

कण्यांना भोक पाडून पाइप आरपार न्यायचा मोह होतो. करू नका. अल-कोची गॅल्व्हनाइझ्ड चेसिस असेल तर तिला भोक पाडायला किंवा वेल्डिंग करायला कंपनीची मनाईच आहे. पाइप कण्याच्या खालून न्यायचा किंवा मार्ग बदलायचा. ब्रेकचा दांडा आणि केबल, गॅसची तांब्याची नळी, विजेच्या वायरी यांच्यापासून लांब राहायचं, आणि फरशीला गळका गॅस खाली जाण्यासाठी जी भोकं ठेवलेली असतात ती पाइपाने किंवा सीलंटने बुजवायची नाहीत.

सामान ब्रिटनमधल्या कॅरॅव्हॅन-ॲक्सेसरीच्या दुकानात २८ मिमी पुश-फिट या नावाने मिळतं (२८ हा बाहेरचा व्यास, जोड नुसते दाबून बसतात): कडक पाइप, ९० आणि ४५ अंशांची वळणं, वाय, १९-२० वरून २८ वर नेणारे जोड, क्लिपा. तुमच्या गाडीला साधारण ६ मीटर कडक पाइप, मीटरभर लवचीक नळी, ४५ अंशांची आठ वळणं, एक-दोन वाय, वीस-पंचवीस क्लिपा आणि पॉलियुरेथेन सीलंटची एक नळकांडी पुरेल. काटकोनातलं एक वळण टाकण्याऐवजी ४५ ची दोन टाका आणि टी-च्या जागी वाय, तिचा फाटा पाण्याच्या दिशेला झुकलेला. खरकटं जमतं ते काटकोनातच.

घरगुती प्लंबिंगचं ३२ मिमी सामान स्वस्त मिळतं म्हणून घ्यावंसं वाटेल. चालतं, पण एक गोम आहे. ब्रिटनमध्ये ३२ मिमी नावाने विकला जाणारा पुश-फिट पाइप आणि सोल्युशनने चिकटवायचा पाइप यांचे बाहेरचे व्यास वेगळे असतात, दीड-दोन मिलिमीटरचा फरक, आणि एकाचा जोड दुसऱ्यावर बसत नाही. शिवाय पुश-फिट पाइप बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि त्याला कोणतंही सोल्युशन धरत नाही. वरून चिकटल्यासारखा दिसतो आणि पहिल्या खडबडीत रस्त्यावर सुटतो. पाइपावरचा शिक्का वाचून मगच घ्या.

बसवताना क्रम असा ठेवा. गाडी सरळ आहे ना, ते पुन्हा बघा. ट्रेच्या भोकाखालून बाहेरच्या तोंडापर्यंत लाइनदोरी ताणा आणि मीटरला २० मिमी उतरेल अशी बांधा. आता पाइप दोरीला धरून बसवायचा, फरशीला धरून नाही. फरशी सपाट आहे, तिला चिकटवून नेलेला पाइपही सपाटच जाणार. नेमकी हीच चूक बहुतेक ठिकाणी झालेली दिसते: पाइप नवा, मोठा, सुबक, आणि ढाळ शून्य. फरशी आणि पाइप यांच्यातलं वाढत जाणारं अंतर भरायला लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या कापून घ्या, पहिली ५ मिमी, पुढची १०, अशा चढत्या जाडीच्या. कॅरॅव्हॅनची फरशी प्लाय-फोम-प्लाय अशी असते आणि खालचा प्लाय इतका पातळ की क्लिपेचा स्क्रू त्यात पकड धरत नाही. म्हणून पट्टी आधी सीलंटने चिकटवा, एक रात्र वाळू द्या, दुसऱ्या दिवशी क्लिप पट्टीत मारा. कडक पाइपाला अर्ध्या मीटरवर एक क्लिप पुरते. लवचीक नळीला मात्र २५ ते ३० सेंमीवर हवीच, नाहीतर नवीन पोटं.

पाइप करवतीने कापल्यावर आतल्या-बाहेरच्या कडांचे कंगोरे पॉलिश पेपरने काढा. आत राहिलेल्या कुसळांवर केस आणि भाताची शितं अडकतात, बाहेरच्या कंगोऱ्याने जोडातली रबरी रिंग चिरते. रिंगेला भांडी घासायच्या लिक्विडचं बोट फिरवा, पाइप तळाशी टेकेपर्यंत ढकला, मग ५ मिमी मागे ओढा. ती जागा पाइप उन्हात वाढायला लागते. तेल किंवा ग्रीस लावू नका.

फरशीला नवं भोक पाडायचं असेल तर आधी आतून ३ मिमीचं बारीक ड्रिल मारून खाली कुठे निघतं ते बघा. मगच ३५ मिमीचा होल सॉ, म्हणजे गोल भोक कापणारी करवत, लावा. भोकाच्या कडेला उघडा पडलेला प्लाय आणि फोम इपॉक्सीने किंवा दोन हात वार्निशने बंद करा आणि पाइपाभोवती सीलंट भरा. कॅरॅव्हॅनचा खरा शत्रू ओल. फरशीच्या थरात शिरलेली ओल नंतर पायाखाली मऊ लागायला लागते, आणि मग ते काम नळीच्या कितीतरी पट खर्चाचं.

सिंकची तोटी, बूच आणि वास

सिंक आणि बेसिनच्या तोट्या २८ मिमीच्या घ्या. सिंकच्या भोकाचा व्यास मोजूनच दुकानात जा, कारण जुन्या सिंकांचे आकार एकसारखे नाहीत. वर-खाली रबरी वॉशर, हाताने आवळून मग पान्याने पाव फेरा. जास्त आवळलं तर स्टीलच्या सिंकला फरक पडत नाही, पण शॉवरचा ट्रे प्लास्टिकचा असतो आणि तो भोकापासून तडकतो. लगेच नाही, महिन्याभराने. ट्रेच्या तोटीला सीलंट लावायचंच तर आंबट वास न येणारं, न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन वापरा.

तोटीखाली निदान १५ सेंमी पाइप सरळ उभा उतरू द्या, वळण त्यानंतर. त्या उभ्या भागातून पाणी वेग घेतं. कपाटात जागा नाही म्हणून बहुतेक जण तोटीलाच एल्बो लावतात. शक्य असेल तर कपाटातला एखादा फळीचा तुकडा काढा, पण उभा उतार सोडू नका.

वासासाठी घरातल्यासारखा पाण्याचा ट्रॅप, म्हणजे वळणात पाणी साठवून वास अडवणारा पाइप, बसवावा का, हा प्रश्न येतोच. कॅरॅव्हॅनमध्ये तो फारसा टिकत नाही. गाडी चालताना त्यातलं पाणी हिंदकळून जातं, महिनाभर उभी राहिली की वाळतं आणि थंडीत गोठून ट्रॅप फुटतो. त्याऐवजी बिनपाण्याचा व्हॉल्व्ह मिळतो. वेव्हिन कंपनीचा हेपवो हा त्यातला सगळ्यांत माहितीतला, ३२ आणि ४० मिमीमध्ये. आत लवचीक पडदा असतो, पाणी आलं की उघडतो आणि गेलं की मिटतो. पाइपात ओढ निर्माण झाली तर हवा आतही घेतो, त्यामुळे गुडगुडही कमी होते. बाण पाण्याच्या दिशेला ठेवून सिंकखालच्या उभ्या भागात बसवा आणि खाली ३२ वरून २८ वर आणणारा रबरी जोड द्या. हा व्हॉल्व्ह सिंकला आणि बेसिनला. शॉवरला मात्र माझ्या मते लावू नये. पडदा उघडायला थोडा दाब लागतो आणि शॉवरकडे आधीच दाबाची चणचण. तिथे अंघोळ झाली की बूच लावून ठेवणं पुरेसं आहे.

शॉवर पाइप कितीही नीट टाकला तरी एका गोष्टीवर सगळं अवलंबून राहतं: ट्रेचं भोक ट्रेच्या खालच्या कोपऱ्यात येतं का. पुष्कळ ट्रेना एकच भोक असतं. गाडी मुक्कामाला लावताना भोक ज्या बाजूला असेल ती बाजू मीटरला सेंटिमीटरभर खाली ठेवा. पुढे-मागे करायचं असेल तर पुढच्या जॉकी व्हीलने (उंची कमी-जास्त होणारं छोटं चाक), डावं-उजवं करायचं असेल तर चाकाखालच्या रॅम्पने. एवढ्या कलण्याने झोपताना काही जाणवत नाही आणि गॅसवरचा फ्रिजही तक्रार करत नाही.

कधी कधी ढाळ देणं अशक्यच असतं, समजा शॉवर एका टोकाला आणि मध्ये ॲक्सल. मग १२ व्होल्टचा डायाफ्राम पंप, म्हणजे रबरी पडदा हलवून पाणी ओढणारा पंप, हा उपाय. व्हेल कंपनीचा गल्पर २२० मिनिटाला १४ लिटरच्या आसपास ओढतो, कोरडा चालला तरी जळत नाही, आणि १९ मिमीची नळी त्याला पुरते, कारण पाणी आता ढाळावर नाही, पंपाच्या जोरावर जातं. पण स्विच, फ्यूज, पडद्यात अडकणारे केस हे सगळं मागे लागतं. सरळ मार्ग निघत असेल तर पंपाच्या वाटेला जाऊ नये.

बाहेरची बाजू

आतलं सगळं उत्तम करून पाणी बाहेरच्या नळीत अडल्याची उदाहरणं भरपूर. तोंडापासून टाकीपर्यंतची नळी गरजेपेक्षा लांब असते, गवतावर वेटोळं घालून पडते आणि टाकीच्या तोंडाशी पुन्हा वर चढते. झालं, पुन्हा पोट. नळी कापून तेवढ्यास तेवढी करा. टाकीचं तोंड गाडीच्या तोंडापेक्षा खालीच हवं. ब्रिटनमध्ये सर्रास दिसणारी ३८ लिटरची सांडपाण्याची टाकी, वेस्टमास्टर, आडवी पडते म्हणून ते जमतं. नळीचं टोक टाकीतल्या पाण्यात बुडू देऊ नका आणि टाकीचं हवेचं झाकण उघडं ठेवा. पाणी आत जायचं तर तेवढी हवा बाहेर पडली पाहिजे.

चांगल्या पाण्याचा ॲक्वारोल, म्हणजे लोळवत न्यायचं पिंप, ४० लिटरचा असतो. तेव्हा एक ॲक्वारोल संपला की वेस्टमास्टर जवळपास भरलाच म्हणून समजा. दोन्ही एकाच फेरीत न्यायची सवय लावली की टाकी ओसंडत नाही. वेस्टमास्टरमधलं पाणी कॅम्पसाइटवरच्या सांडपाण्याच्या ठरलेल्या जागी ओतायचं. शौचालयाची कॅसेट (मैल्याची काढती टाकी) रिकामी करायची जागा वेगळी असते, तिथे नाही, आणि कुंपणाच्या झाडीत तर नाहीच.

थंडीत बाहेरच्या नळीत पाणी थेंब-थेंब पडतं, थेंबाथेंबाने गोठतं आणि सकाळपर्यंत बर्फाचं बूच तयार होतं. हिवाळ्यात बाहेरची नळी काढून तोंडाखाली सरळ बादली ठेवणं सर्वांत खात्रीचं. गाडी मोसमाच्या शेवटी बंद करताना पाइपात पाणी उरता कामा नये. ढाळ नीट दिला असेल तर ते आपोआप उरत नाही, ही या कामाची वरकमाई.

आता आपल्या स्वयंपाकाविषयी. ब्रिटिश कॅरॅव्हॅनची मांडणी चहाचे कप आणि दोन ताटल्या धुण्याच्या हिशेबाने केलेली असते. फोडणीच्या कढया, तुपाचं भांडं, तांदूळ धुतलेलं पाणी हे तिच्या गणितात नाही. खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली गोठतं, तूपही घट्ट होतं, आणि गाडीखालचा पाइप इंग्लंडच्या एप्रिलमध्ये दहा अंशांवर असतो. म्हणजे सिंकमधून पातळ गेलेलं तूप खाली पोहोचेपर्यंत पाइपाच्या भिंतीला बसतं आणि त्यावर तांदळाच्या पेजेचा बुळबुळीत थर चढतो. कढई आधी कागदाने पुसा, चहाचा चोथा आणि कढीपत्ता जाळीवर गाळा, पेज आणि तांदळाचं पाणी सिंकमध्ये न ओतता बादलीत घेऊन सांडपाण्याच्या जागी टाका.

महिन्यातून एकदा ५ लिटर गरम पाण्यात, हात घालवेल-न घालवेल इतक्याच गरम, १०० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून सिंकमध्ये बूच लावून भरा आणि एकदम सोडा. उकळतं पाणी नको, पाइप आणि रबरी रिंगा वाकतात. कॉस्टिकवाले ड्रेन क्लीनरही नकोत, ते पाइपात साचलं की प्रचंड तापतं. सोडा-व्हिनेगर फेसाळतं छान, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं ते जवळपास निकामी पाणी. फेस बघून समाधान मिळतं, तेल तिथेच राहतं.

काम संपल्यावर कपाटं लगेच बंद करू नका. प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपरची एक पट्टी गुंडाळा आणि सिंकमधून १० लिटर पाणी सोडा. बारीक पाझर डोळ्याला दिसत नाही, टिश्यूवर लगेच दिसतो. मग तासभर गाडी फिरवून आणा, पुन्हा तेच करा. पुश-फिट जोड हलतात ते याच पहिल्या फेरीत. सुरुवातीला लिहिलेले ५ लिटरचे आकडे आता ताडून बघा. सिंक अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामं व्हायला हवं. शॉवर पाच मिनिटं सतत चालू ठेवला तर ट्रेमध्ये भोकाभोवती ओला डाग असेल, तळं नसेल.

हेच काम महाराष्ट्रात फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगरवर कॅम्पर बांधणाऱ्यांना करायचं असेल तर सामान बदलतं, ढाळ नाही. इथे २८ मिमी शोधत बसू नका. हार्डवेअरच्या कोणत्याही दुकानात मिळणारा ४० मिमी यूपीव्हीसी पाइप घ्या, सोल्युशनने जोडा. सिंकखाली पांढरी, ओढून लांब होणारी वेस्ट पाइप लावतात ती फक्त वितीभर, उभ्या भागात. तिचं आडवं पोट घरातही तुंबतं. गाडीखाली पक्की टाकी असेल तर पाइप टाकीच्या माथ्यावरून आत घ्या आणि टाकीला वर नेलेली वेगळी १२ मिमीची हवेची नळी द्या. गाडी चालताना बॉडी आणि टाकी थोड्या वेगवेगळ्या हलतात. कडक पाइप दोन्हींना क्लॅम्पने आवळला तर सोल्युशनचा जोड घाटातल्या रस्त्यावर तडकतो. म्हणून बॉडीतून उतरलेला पाइप आणि टाकी यांच्यामध्ये हातभर जाड रबरी होज टाका, दोन्ही टोकांना स्टीलच्या होज क्लिपा, आणि पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर त्या पुन्हा एकदा आवळा.